४०७ची पुढची काच: अर्ध्या तासाची काच, दोन दिवसांची चौकट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २००४ची टाटा ४०७. पावसात पुढच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत येतं. एका फिटरने दोनदा सिलिकॉन मारून दिलं, तरी थांबलं नाही. आता काच काढून नवीन रबर टाकायचं म्हणताय. काच शाबूत आहे, ती न फोडता निघेल का, आणि घरच्या घरी दोघातिघांत बसवता येईल का?

निघेल आणि बसवताही येईल. पण आधी एक सांगतो. काच गळत नाही, रबरही एकटं फारसं गळत नाही. गळतो तो रबराखालचा पत्रा. आळेफाट्यावर मी अठ्ठावीस वर्षं काचा बसवतोय. ४०७, ७०९, १६१३, जुन्या मेटाडोर, सगळ्या दोरीवर बसणाऱ्या काचा, म्हणजे रबरात दोरी घालून, ती ओढून बसवायच्या. ‘पाणी येतंय’ म्हणून आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या चौकटीची कड आतून कुजलेली निघते. तुमच्या गाडीला दोनदा सिलिकॉन मारूनही थांबलं नाही म्हणजे तुमचीही तीच गत असणार. तेव्हा काच काढायला अर्धा तास, बसवायला अर्धा-पाऊण तास, आणि मधल्या कामाला दोन दिवस धरा. ते दोन दिवस द्यायचे नसतील तर काच काढूच नका. नवीन रबर कुजलेल्या कडेवर बसवलं तर पुढच्या आषाढात पुन्हा इथेच याल.

नवीन रबर हातात घेऊन त्याचं कापलेलं तोंड बघा, म्हणजे बाकीचं सगळं समजेल. आडव्या ‘एच’सारखं दिसतं. एका खोबणीत काच बसते, दुसऱ्या खोबणीत केबिनच्या पत्र्याची कड. काचेला स्क्रू नाही, गोंद नाही. सगळं रबराच्या दाबावर. हे मुद्दाम असं आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की जुनी केबिन पिळते, तो पीळ रबर खातं आणि काच वाचते. काच चौकटीत आवळलेली नसते, तरंगत असते. आजकालच्या बऱ्याच नव्या गाड्यांना काच पीयू (पॉलियुरेथेन) गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. ते काम वेगळं. तिथे तार घालून गोंद कापावा लागतो आणि गोंद वाळायला ठरलेला वेळ द्यावा लागतो. तसली गाडी असेल तर दुकानातच न्या, अंगणात करू नका. तुमची रबरवाली आहे, म्हणून सांगतोय.

काचेचं वजन आधी डोक्यात घ्या. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. सहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंधरा किलो झाली. वजन फार नाही, पण ती रुंद, गुळगुळीत आणि साबणाने ओली असते. दोन माणसं बाहेर, एक आत, याच्याखाली काम करू नका. हातमोजे आणि डोळ्याला गॉगल पाहिजेच. लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे सुटून पडत नाहीत हे खरं, कारण दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. पण कडेला बारीक खपल्या उडतात, आणि त्या डोळ्यात गेल्या तर दवाखाना.

काच काढायच्या आधी वायपरच्या दांड्या काढा. नट सुटतो, दांडी सुटत नाही. वीस वर्षांत ती शाफ्टच्या दात्यांवर गंजून बसलेली असते. तिथे स्क्रू ड्रायव्हर काचेला टेकवून उचकटायचा मोह होतो. असा टेकू मिळालेल्या काचा मी पाहिल्यात, काढायच्या आधीच गेलेल्या. गंज सोडणारं तेल मारा, चहा पिऊन या, मग दांडी थोडी डावी-उजवी हलवत वर ओढा. नाहीच आली तर लहान पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढायचं हत्यार, लावा. आरसा आणि उन्हाची झाप आतून सोडा. काचेला टेकणारी फुलांची माळ, नवसाचा नारळ, लिंबू-मिरची, सगळं उतरवून ठेवा. देवाचा फोटो डॅशवर असेल तर तोही बाजूला घ्या. गिऱ्हाईक स्वतः उचलतं, आम्ही हात लावत नाही.

फास्टॅगचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुनीच काच परत बसवणार असाल तर काही प्रश्न नाही. काच बदलणार असाल तर तो स्टिकर सोलून नव्या काचेवर चालत नाही. सोलताना आतली बारीक तार तुटते, टॅग मरतो. ज्या बँकेचा आहे तिच्याकडे बदली टॅग मागा, खात्यातले पैसे कुठे जात नाहीत. पण काच बसवल्यावर टोलनाक्यावर आठवण्यापेक्षा आधीच अर्ज टाका.

डॅशवर गोणपाट किंवा जाड चादर अंथरा, आणि काचेवर हवा मारणाऱ्या ज्या फटी असतात त्यांत चिंध्या कोंबा. गंजाचे पापुद्रे, रबराचे तुकडे, काचेच्या खपल्या या फटींतून एकदा ब्लोअरच्या नळीत गेल्या की मग ब्लोअर लावला की तोंडावर येतात.

आता काढण्याचं. रबर नवीन टाकायचं ठरलंच आहे तर जुन्या रबराची माया करू नका. काच वाचवायची असेल तर रबर मारायचं, एवढं लक्षात ठेवा. कटरला नवीन ब्लेड लावा, साबणाच्या पाण्यात बुडवा, आणि बाहेरच्या बाजूने रबराची काचेवर आलेली लिप, म्हणजे ओठासारखी कड, गोल फिरत कापून टाका. एका दमात खोल कापू नका, दोन फेऱ्या घ्या. ब्लेड काचेला समांतर, जवळजवळ निजवून धरा. उभं धरलं तर घसरून पत्र्याचा रंग जातो, नाहीतर तुमचा अंगठा. रबराला बाहेरून फिलर असेल, म्हणजे मधल्या चिरेत दाबून बसवलेली बारीक पट्टी, तर आधी तिचा जोड शोधा, बोथट टोच्याने उचला आणि ओढून काढा. फिलर निघाला की रबर लगेच सैल पडतं.

लिप पूर्ण कापली की काच फक्त आतल्या लिपवर आणि चिकटलेल्या घाणीवर उभी राहते. आत बसलेल्याने वरच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तळहाताने, चार बोटं पसरून, कोपऱ्यापासून वीतभर आत, सावकाश दाब द्यायचा. बाहेरचे दोघे काचेवर हात टेकवून उभे. ती बाहेर यायला लागली की कळते. चुर्र असा रबर सुटल्याचा आवाज येतो. मग दुसरा वरचा कोपरा. वरची बाजू मोकळी झाली की काच खालच्या खोबणीतून उचलून घ्यायची, बाहेर ओढायची नाही.

लोक सीटवर आडवं पडून दोन्ही पायांनी ढकलतात. मीही ढकललंय. शिकाऊ होतो, मंचरला एका उस्तादाच्या हाताखाली. ७०९ होती, काच चांगली होती, रबर कापायचा कंटाळा केला. टाच कोपऱ्यावर लावली आणि जोर दिला. ‘टक्’ एवढाच आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. चीर कोपऱ्यातून निघाली आणि बघता बघता मधोमध येऊन थांबली. उस्ताद काही बोलला नाही. ती काच त्याने माझ्या समोर भिंतीला टेकवून ठेवली आणि दिवसभर मला तिच्यासमोर बसवून नट धुवायला लावले. लॅमिनेटेड काच पसरलेला दाब भरपूर सोसते, एका बिंदूवरचा सोसत नाही, आणि कडेजवळ तर अजिबात नाही. पायच लावायचा असेल तर चप्पल काढा, घडी घातलेलं गोणपाट मध्ये ठेवा, आणि टाच नव्हे, पूर्ण तळवा.

काढलेली काच आडवी ठेवू नका. दोन लाकडी पट्ट्यांवर गोणपाट टाकून उभी करा, भिंतीला किंचित टेकवून. लेकरं, कोंबड्या, कुत्री फिरतात तिथे नको.

काच हातात आहे तोवर ती परत बसवण्याच्या लायकीची आहे का तेही बघून घ्या. कडेने दुधाळ पांढरा पट्टा आला असेल तर दोन काचांमधल्या पडद्यात पाणी शिरलंय. रबरात साठलेल्या पाण्याचं ते काम. पट्टा रबराखाली झाकला जात असेल तर चालेल, नजरेत येत असेल तर काच बदला. दुसरं, वायपरचे कमानीसारखे चरे. झिजलेल्या ब्लेडचा पत्रा काचेवर घासला की ते पडतात. दिवसा काही दिसत नाही. रात्री समोरून हेडलाइट आला की सगळी काच पांढरी होते आणि माळशेजच्या वळणावर तुम्ही दोन सेकंद आंधळे. नखाला लागतील एवढे खोल चरे पॉलिश करून जात नाहीत. काम काढलंच आहे तर नवीन काच टाका.

नवीन घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचा. पुढची काच लॅमिनेटेडच पाहिजे, टफन नाही. टफन काच दगड लागला की एका क्षणात सगळीच बारीक चुरा होते, समोरचं दिसायचं बंद होतं, आणि ताशी साठने गाडी चाललेली असते. शिक्क्यात आयएस २५५३ हा मानक क्रमांक असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. त्यामुळे वरून निळी-हिरवी फिल्म मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मबद्दल निकाल दिलाय आणि पासिंगला त्यावरूनच गाडी परत येते.

आता चौकट. खरं काम इथे आहे.

रबर ओढून काढा. खालच्या बाजूच्या खाचेत काय सापडेल सांगता येत नाही. माती तर असतेच. अगरबत्तीची राख, कुंकू, चुरमुरे, टोमॅटोच्या क्रेटचा भुसा. एका गाडीत हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला होता, मालक तो बघून बराच वेळ गप्प झाला. हा सगळा गाळ स्पंजासारखा पाणी धरतो, आणि पावसाळा संपून दिवाळी आली तरी खालची कड ओलीच राहते. गंज तिथून लागतो. वरून रंग शाबूत असतो, फक्त जरा फुगलेला दिसतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा, पापड मोडावा तसं आत जाईल.

जुनं सिलिकॉन, पोटीन, डांबर, जे काही आधीच्यांनी भरलंय ते सगळं खरडून काढा. थोडं राहू दिलं असं चालत नाही, नवीन रबर त्या ढेकळावर बसतं आणि तिथेच फट राहते. मग तारेचा ब्रश, मग ग्राइंडरवर पॉलिश पेपरची चकती. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. कुठे भोक पडलं तर पडू द्या, ते होतंच, आता दिसलं एवढंच.

भोकं लहान, तांदळाएवढी असतील तर गॅस वेल्डिंगने भरून घासून घ्या. कड बोटभर लांबीने कुजली असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन पत्र्याची पट्टी लावायची. इथे डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, एक चूक हमखास करतो. जुना पत्रा न कापता त्याच्यावरच नवीन पट्टी चढवतो. मजबूत होतं, पण कड दुप्पट जाड होते. रबराची खोबण एका ठरावीक जाडीसाठी असते. दुप्पट जाडीवर ती फाकते, काच त्या जागी बाहेर ढकलली जाते, आणि सगळा ताण तेवढ्या दोन इंचांवर येतो. दोन महिन्यांनी मालक येतो, ‘गाडी उभी होती, दगड लागला नाही, काच आपोआप गेली.’ आपोआप काही जात नाही. चीर कुठून सुरू झाली ते बघायचं. दगडाने गेलेल्या काचेवर चिरेच्या मुळाशी बारीक खड्डा असतो, बॉलपेनचं टोक फिरवलं की अडकतं. ताणाने गेलेल्या चिरेला खड्डा नसतो आणि ती थेट काचेच्या कडेतून निघते. रबर उचलून बघितलं की बरोबर त्याच जागी वेल्डिंगचा गोळा सापडतो.

म्हणून डेंटरजवळ उभे राहा. कापून जोडायला सांगा, टोकाला टोक, आणि दोन्ही बाजूंनी सपाट घासून घ्या. झाल्यावर नवीन रबराचा वीतभर तुकडा, किंवा त्याच रबराचं टोक, पूर्ण कडेवरून फिरवून बघा. सगळीकडे सारख्याच जोराने बसलं पाहिजे. मी हे डोळे मिटून करतो. बोटांना जे कळतं ते नजरेला दिसत नाही.

गाडीला कधी पुढून मार बसला असेल तर चौकटीचे कर्णही मापा. डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा, आणि उलट. दोरी धरून मापलं तरी चालेल. बोटभर फरक आला तर केबिन तिरकी आहे, तिथे कितीही चांगलं रबर टाका, एक कोपरा ओढतच राहणार. आधी केबिन सरळ करून घ्या.

मग गंजरोधक प्रायमर, दोन हात, आणि वर रंग. कडेच्या दोन्ही बाजूंना आणि टोकालाही, टोक लोक विसरतात. हा रंग पूर्ण वाळला पाहिजे. हाताला लागत नाही म्हणजे वाळला असं नाही. ओल्या रंगावर रबर चढवलं तर दोरी ओढताना रंग सालासकट निघतो आणि केलेलं सगळं वाया. एक रात्र आणि एक दिवसाचं ऊन द्या. दोन दिवस म्हणालो ते यासाठी.

रबर कसं घ्यावं यावर फार बोलत नाही. अखंड साच्यातलं, कोपरे वळवून आलेलं मिळालं तर तेच घ्या. मीटरवर मिळणारं स्वस्त असतं, पण ते कोपऱ्यात दुमडतं आणि त्याला जोड येतो. विकत घेताना दुकानातच चिमटीत धरून दुमडा. दुमडल्या जागी पांढरी रेष उठली किंवा सोडल्यावर परत सरळ झालं नाही तर ठेवून द्या, दोन उन्हाळ्यांत त्याला भेगा पडतात. मीटरचंच घ्यावं लागलं तर लांबी मापापेक्षा बोटाच्या पेरभर जास्त ठेवा, म्हणजे जोड एकमेकांवर दाबून बसेल. जोड मी वर मधोमध आणतो. काहीजण खाली ठेवतात, पण पाणी साठतं ते खाली, तिथे जोड कशाला द्या?

बसवायच्या दिवशी रबर तासभर उन्हात टाका. श्रावणात ऊन नसेल तर कोमट पाण्यात. मऊ पडलं की कोपऱ्यात नीट जातं.

रबर आधी काचेवर चढवायचं, चौकटीवर नाही. काच गादीवर ठेवा, खोबणीत साबणाचं पाणी फिरवा, एका कोपऱ्यापासून चढवत या. चारही कोपरे पूर्ण तळाशी बसलेत ना ते बघा. पुन्हा पुन्हा निघत असेल तर कागदी टेपचे चार-पाच पट्टे आडवे मारून धरा. ज्या काचेला बाक आहे तिला हे लागतंच.

वंगण म्हणून साबणाचं पाणीच. ग्रीस नाही, डिझेल नाही, इंजिन ऑइल तर मुळीच नाही. ऑइल लावलं की रबर त्या दिवशी झकास सरकतं आणि पुढे फुगून सैल पडतं. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घातलं तरी पुरतं.

दोरी महत्त्वाची. सुतळी तुटते, आणि तुटली की अर्धी काच आत, अर्धी बाहेर अशी अडकून बसते. बारीक नायलॉन रबराची लिप पनीर कापावं तशी कापतो. कपडे वाळत घालायची चार-पाच मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉन दोरी घ्या. रबराच्या बाहेरच्या खोबणीत, म्हणजे ज्यात पत्रा जाणार आहे त्यात, ती दोरी गोल बसवत न्या. सुरुवात खाली मधोमध, शेवटही तिथेच, आणि दोन्ही टोकं हातभर एकमेकांवरून ओलांडून गेली पाहिजेत. टोकं केबिनच्या बाजूला लोंबत राहतील अशी सोडा. खोबण पुन्हा साबणाने ओली करा, पत्र्याची कडही.

आता दोघे बाहेर. ४०७च्या नाकावरून हात पुरत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना घोडी किंवा ड्रमवर फळी टाकून उभे राहा. काच खालच्या कडेवर टेकवा, डावी-उजवी फट सारखी आहे का बघा. हे आत्ताच, नंतर सरकवता येत नाही. बाहेरच्यांनी तळहातांनी काच आत दाबून धरायची. आतल्याने दोरीचं एक टोक धरून, काचेच्या मध्याच्या दिशेने, काचेला काटकोनात, सावकाश ओढायचं. दोरी बाहेर येते तशी ती रबराची लिप पत्र्याच्या कडेवरून आत उलटवत येते. दोरी जिथे आहे त्याच्या वीतभर पुढे, बाहेरच्याने पंजाने थाप द्यायची. थाप म्हणजे थाप, गुद्दा नाही. पोळपाटावर भाकरी थापतो तेवढी.

आधी खालची बाजू, एका टोकाने एकीकडे, दुसऱ्या टोकाने दुसरीकडे. मग दोन्ही खालचे कोपरे, मग उभ्या बाजू, शेवटी वरची. एकाच बाजूने गोल फिरत गेलात तर काच एका अंगाला सरकते आणि शेवटचा कोपरा बसतच नाही. कोपऱ्यात दोरी अडेल. तिथे हिसका द्यायचा नाही. थांबा, साबणाचं पाणी सोडा, बाहेरच्याला कोपरा दाबायला सांगा, आणि बोथट लाकडी पट्टीने लिप हाताने उलटवून घ्या. मग दोरी लोण्यातून यावी तशी येते. माझ्याकडे यासाठी जुन्या पोळपाट-लाटण्यातल्या लाटण्याचं टोक तासून केलेली पट्टी आहे. बायकोला अजून माहीत नाही.

सगळी दोरी आली की बाहेर जाऊन गोल फिरा. बाहेरची लिप कुठे आत दुमडली असेल तर त्याच पट्टीने उचलून सरळ करा. आतूनही तसंच. चारी बाजूंना पंजाने थोड्या थापा, की रबर बसतं.

फिलरवालं रबर असेल तर फिलर आता. त्याचं हत्यार बाजारात मिळतं, नसेल तर जुन्या छत्रीची काडी वाकवून वेढा करा. फिलर वेढ्यातून ओवायचा, वेढ्याचं टोक चिरेत, आणि खेचत पुढे जायचं. फिलर ताणू नका. ताणून बसवलेला फिलर त्या दिवशी छान दिसतो आणि आठवड्यात आखडून जोडापाशी दोन बोटं फट पडते. उलट, जाता जाता मागे थोडा ढकलत जा, शेवटी पेरभर जास्त कापून दाबून बसवा. फिलरचा जोड आणि रबराचा जोड एकावर एक नको.

सिलिकॉनचं तुम्ही विचारलंत. आधी पाणी मारून बघा, मग ठरवा. चौकट सरळ असेल, रबर चांगलं असेल तर काहीच लागत नाही. कंपनीतून गाडी निघते तेव्हा रबराच्या दाबावरच पाणी थांबलेलं असतं. कुठे थोडं लागलंच तर न वाळणारा, मऊ राहणारा सीलंट रबर आणि पत्र्याच्या मध्ये नोझलने सोडा, लिप उचलून. बाथरूमला लावतात ते, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते पत्र्याजवळ नको. त्यातून सुटणारं आम्लच पत्र्याला गंज लावतं. तुमच्या गाडीला दोनदा तेच मारलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि पीयू गोंद रबरात भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या हातून गाडी काढून घ्या. तरंगणारी काच त्याने आवळून टाकली, आता केबिनचा पीळ काच खाणार. शिवाय पुढच्या वेळी ती काच कोणीच शाबूत काढू शकणार नाही.

पाण्याची परीक्षा घाईने घेऊ नका. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पहिले दोन दिवस नको. साधी नळी, बोटभर धार, आणि सुरुवात खालून. वरून धार सोडली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. खालची बाजू पाच मिनिटं, मग उभ्या बाजू, शेवटी वर. आत एकजण, रबराखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून. कागद कुठे ओला होतो ते बघायचं. पाणी जिथे टपकतं तिथूनच शिरतं असं नसतं. ते रबराच्या खोबणीतून वाहत येऊन कोपऱ्यात थेंब देतं. तुमचा डावा कोपरा गळतो, पण शिरण्याची जागा वर उजवीकडेही निघू शकते.

आणि काच बसवून, चौकट करून, कागद कोरडे राहूनही पावसात पाणी आलंच तर काचेला दोष देऊ नका. वायपरच्या शाफ्टखालचं रबरी बूच बघा, जुन्या गाडीत ते हमखास फाटलेलं असतं. टपावरच्या लाइटांचे स्क्रू बघा. एक १६१३ माझ्याकडे तीन वेळा आली. दोनदा मी काचेशी झगडलो. तिसऱ्यांदा टपावर चढलो तर मालकाने नवीन हॉर्न बसवताना पाडलेलं जुनं भोक उघडं होतं. पाणी छताच्या अस्तरावरून पुढे येऊन काचेच्या कोपऱ्यात उतरत होतं. त्याचे पैसे घेतले नाहीत मी, लाज वाटली.

वायपरच्या दांड्या लावताना मोटर एकदा चालवून थांबलेल्या जागी आणा आणि मगच दांड्या बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात ब्लेड नव्या रबराच्या लिपवर चढतं आणि ती फाडतं. ब्लेडही नवीनच घाला. आठ-दहा दिवस गाडी चालवल्यावर, विशेषतः आणे घाटातून किंवा खराब रस्त्यावरून भरलेली फेरी झाल्यावर, एकदा फिलरचा जोड आणि चार कोपरे बोटाने दाबून बघा. कुठे लिप उठली असेल तर साबणाचं पाणी आणि लाकडी पट्टी, दोन मिनिटांचं काम आहे. जुनं रबर फेकताना त्याचा वीतभर तुकडा मात्र ठेवून द्या, पुढच्या वेळी दुकानात दाखवायला माप हवं.